सॅक्सनीचा खुर्दा



आज मी तुम्हांला एका अगदी लहान वस्तूची गोष्ट सांगणार आहे. ती वस्तू आत्ता माझ्यासमोर आहे. समोर आहे म्हणण्यापेक्षा चिमटीत आहे म्हटलेले बरे. कारण टेबलावर ठेवली आणि एखादा कागद हलला, तर पुन्हा सापडायची नाही. करंगळीच्या नखाएवढा हा चांदीचा पत्रा. वजन म्हणाल तर दोन-तीन गुंजा. एका अंगाला दोन ढाली कोरलेल्या आहेत, आणि त्यांतल्या एका ढालीवर एकमेकींवर तिरप्या टेकलेल्या दोन तलवारी झिजूनझिजून जेमतेम दिसतात. दुसरे अंग साफ कोरे. माझा एक विद्यार्थी शिक्षणासाठी जर्मनीत गेला होता. त्याने येताना हे कागदाच्या पुडीत बांधून आणले; वैद्याकडून भस्माची पुडी आणावी तसे!

हे एक नाणे आहे. त्याला फेनिग म्हणत. जर्मनीच्या पूर्वेकडे सॅक्सनी नावाचे एक संस्थान होते. तिथल्या गोरगरिबांच्या हातातून सोळाव्या आणि सतराव्या शतकांत असली नाणी रोज फिरत असत.

तुम्ही म्हणाल, "अहो, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातल्या नखाएवढ्या नाण्याशी आमचे काय देणे-घेणे?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढची गोष्ट ऐकताना ते मनात राहील. राज्याचा थाट पाहायचा असेल, तर त्याचे मोठे नाणे पाहावे. पण राज्याचे इमान पाहायचे असेल, तर त्याचा खुर्दा पाहावा. मोठे नाणे व्यापाऱ्याच्या तिजोरीत जाते, आणि व्यापाऱ्याजवळ तराजू असतो. लहान नाणे मजुराच्या, शेतकऱ्याच्या, विधवेच्या मुठीत जाते, आणि त्यांच्याजवळ विश्वासाखेरीज दुसरे काही नसते.

आता सॅक्सनीकडे वळू. त्या काळी जर्मनी असे एकसंध राष्ट्र नव्हते. एका सम्राटाच्या नावाखाली लहानमोठी शेकडो संस्थाने, मठांच्या जहागिरी आणि स्वतंत्र शहरे नांदत होती. त्यांतल्या अनेकांना आपापली नाणी पाडण्याचा हक्क होता. सम्राट निवडून देण्याचा मान ज्या सात जणांना होता, त्यांना इलेक्टर म्हणत. सॅक्सनीचा राजा हा त्या सातांपैकी एक. माझ्या नाण्यावरच्या त्या तिरप्या तलवारी म्हणजे त्याच मानाची खूण.

या राज्याच्या दक्षिण सीमेवर, बोहेमियाला लागून, डोंगरांची एक रांग आहे. तिचे जर्मन नावच मुळी ‘धातूचा डोंगर’ अशा अर्थाचे आहे. तिथे ११६८च्या सुमारास आजच्या फ्रायबर्ग गावाजवळ चांदी सापडली. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस श्नेबेर्ग आणि आनाबेर्ग इथे आणखी मोठ्या खाणी निघाल्या. रानात गावे वसली आणि गावांत टांकसाळी उभ्या राहिल्या. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, बोहेमियाच्या हद्दीत, योआखिम्सटाल नावाचे खाणगाव होते. तिथे १५२०च्या सुमारास चांदीची मोठी जड नाणी निघू लागली. गावाच्या नावावरून लोक त्यांना ‘टालर’ म्हणू लागले. अमेरिकेचा डॉलर हा शब्द याच टालरचा वंशज, बरं का! एका डोंगराळ खेड्याचे नाव आज साऱ्या जगाच्या तोंडी आहे.

पण आपल्याला टालरशी फारसे कर्तव्य नाही. टालर म्हणजे सुमारे अडीच तोळ्यांचे नाणे. मजुराच्या हातात ते क्वचितच येई. त्याचा रोजचा व्यवहार चाले तो ग्रोशन, ड्रायर आणि फेनिग यांवर. बारा फेनिगांचा एक ग्रोशन. तीन फेनिगांचे नाणे तो ड्रायर. आणि पुढे ठरलेल्या हिशेबाने चोवीस ग्रोशनांचा एक टालर. म्हणजे टालरला फेनिग झाले २८८. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना हा हिशेब ऐकून गंमत वाटेल. आपल्याही जुन्या आण्याला पया बाराच होत्या, आणि सोळा आण्यांच्या रुपयाला १९२. बारा या आकड्याचे सोयीचे कारण उघड आहे. त्याचा अर्धा होतो, तिसरा हिस्सा होतो आणि पावही होतो. बाजारात उभ्या असलेल्या, अक्षरशत्रू माणसालाही तोंडी वाटणी करता येते.

आता या फेनिगाला मिळत काय असे? मुख्य म्हणजे पाव. आणि इथे आपल्या गोष्टीत एक शिक्षक येतो.

त्याचे नाव आडाम रीस. जन्म १४९२चा. १५२२-२३च्या सुमारास तो आनाबेर्गला आला आणि तिथे त्याने हिशेब शिकवण्याची शाळा काढली. खाणींच्या कचेरीत जमाखर्चाचे कामही तो करी. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. रीसने मात्र आपली गणिताची पुस्तके साध्या जर्मन भाषेत लिहिली. कारण त्याचे शिष्य म्हणजे कारागिरांची, दुकानदारांची आणि खाणकामगारांची मुले. हिशेब करण्याच्या दोन रीती तो शिकवी. एक, फळ्यावर रेघा आखून त्यांवर सोंगट्या मांडण्याची जुनी रीत. आणि दुसरी, लेखणीने आकडे मांडण्याची. या दुसऱ्या रीतीचे आकडे म्हणजे आपल्या भारतातून अरबांमार्फत युरोपात गेलेले अंक, शून्यासकट. शिवाय त्याच्या पुस्तकांत आपले त्रैराशिकही आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९च्या सुमारास सांगितलेली रीत हजार वर्षांनंतर जर्मनीतल्या एका खाणगावात मुलांच्या तोंडी बसत होती. ज्ञानाला पासपोर्ट लागत नाही, तो असा!

आनाबेर्गमध्ये पावाचा भाव ठरवण्याची पद्धत आपल्याला उलटी वाटेल. पावाची किंमत कायम ठेवायची आणि वजन बदलायचे. एका फेनिगाचा पाव नेहमी एकाच फेनिगाला मिळायचा. धान्य स्वस्त असेल तेव्हा तो मोठा, महाग असेल तेव्हा लहान. फेनिग हेच बहुधा हाती असलेले सर्वांत लहान नाणे; त्याचे आणखी तुकडे करणार किती? म्हणून नाणे अखंड ठेवून पावच कमी-जास्त करायचा.

पण यात फसवणुकीला केवढी जागा! धान्य सव्वापटीने महागले, तर पाव नेमका किती लहान व्हावा? भट्टीवाला एक सांगणार आणि गिऱ्हाइकाला काही कळणार नाही. तेव्हा शहराच्या सभेने हे काम रीसकडे सोपवले. त्याने १५३३ साली धान्याच्या प्रत्येक भावाला पावाचे वजन किती असावे, याचे तक्तेच करून दिले. ते १५३६ साली लायपझिगला पुस्तकरूपाने छापून निघाले. शिक्षक मंडळींनो, हे आपले व्यस्त त्रैराशिक. धान्याचा भाव दुप्पट झाला, की पाव निम्मा. भाव दीडपट झाला, की पाव दोन-तृतीयांश. आपण वर्गात फळ्यावर सोडवतो तेच उदाहरण. त्याच्या एका उत्तरावर गावातल्या सगळ्या घरांचे ताट अवलंबून होते, एवढाच फरक. जर्मनीत आजही हिशेब बिनचूक आहे असे सांगायचे असेल, तर "आडाम रीसच्या मताप्रमाणे" असे म्हणतात. राजांची नावे लोक विसरतात. पावाचे वजन खरे सांगणारा मास्तर पाचशे वर्षे तोंडात राहतो.

मात्र रीसच्या तक्त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे फेनिग हा फेनिगच राहील. पावाचे वजन बदलेल, नाण्याची चांदी बदलणार नाही. हे गृहीत कसे कोसळले, ते आता पाहू.

आधी नाणे कसे पडते ते सांगतो. चांदीत तांबे मिसळून ओतीव कांब करायची, ती ठोकून पत्रा करायचा, कात्रीने तुकडे कापायचे, वजन करायचे आणि मग ठशावर ठेवून हातोडा मारायचा. प्रत्येक नाण्याला ही सगळी मेहनत आलीच. त्या वेळी वजनाचे माप होते मार्क, म्हणजे आपले सुमारे वीस तोळे. १५६६ साली साम्राज्यात जो टालर मान्य झाला, त्याची एका मार्क वजनात आठ नाणी पडत. हातोड्याचे घाव आठांनाच. आता तेवढ्याच किमतीचे फेनिग पाडायचे म्हटले तर किती? आठ गुणिले २८८, म्हणजे २३०४! तुकडे कापायचे २३०४, ठसे मारायचे २३०४. मजुरी किती वाढली, याचा विचार करा. माझ्या हातातल्या फेनिगाची एक बाजू कोरी का, हेही आता ध्यानात येईल. इतक्या पातळ पत्र्यावर दोन्ही बाजूंनी नीट छाप उमटायचा नाही. आणि एक बाजू सोडली की तेवढे कामही वाचले.

म्हणून लहान नाण्यात त्याच्या किमतीपेक्षा थोडी कमी चांदी घालणे, हा काही लबाडीचा प्रकार नव्हता. ती मजुरी होती. लहान नाण्यात हीण जास्त असणारच. फक्त ते किती असावे, याला मर्यादा हवी आणि ती पाळणारा माणूस हवा.

सम्राटाच्या दरबाराने १५५९ साली ऑग्सबुर्ग इथे नाण्यांचा एक मोठा कायदा केला. हेतू चांगला होता. पण लहान नाण्यांतही चांदीचे प्रमाण त्यात इतके कडक ठेवले, की इमानाने खुर्दा पाडणाऱ्या टांकसाळीला तोटा येऊ लागला. मग झाले काय? प्रामाणिक संस्थानांनी लहान नाणी पाडणे कमी केले. बाजाराला खुर्दा तर हवाच. ती जागा भरून काढायला अप्रामाणिक मंडळी पुढे सरसावली. कुठल्यातरी लहानशा जहागिरीत, आडबाजूला टांकसाळ काढायची, ती मक्त्याने द्यायची आणि हलकी नाणी पाडून शेजारच्या राज्यात लोटायची. अशा टांकसाळींना जर्मन लोक ‘झुडपातल्या टांकसाळी’ म्हणत. नाव किती नेमके आहे पाहा!

सॅक्सनीने बराच काळ आपले नाव राखले होते. इलेक्टर आउगुस्ट याने १५५६ साली आपल्या राज्यातले नाणी पाडण्याचे काम ड्रेस्डेनला एकत्र आणले. राजवाड्याच्या नजरेखाली एकच टांकसाळ, म्हणजे लबाडीला वाव कमी. खाणींची चांदी घरची, त्यामुळे नाणेही चोख. पण १६१८ साली बोहेमियात बंड झाले आणि इतिहासात ज्याला तीस वर्षांचे युद्ध म्हणतात, ते पेटले. सैन्य उभारायचे तर पैसा हवा, आणि तोही ताबडतोब. कर वाढवायचा तर दरबारी सरदारांची मंजुरी हवी. नाण्यात तांबे वाढवायला कोणाचीच मंजुरी लागत नाही.

१६१९ ते १६२३ ही चार-पाच वर्षे जर्मनीच्या इतिहासात ‘किपर-विपरचा काळ’ म्हणून ओळखली जातात. या नावात तराजूचा झोल आहे. एक शब्द कलंडवण्याचा, दुसरा तराजूची दांडी वर-खाली होण्याचा. सराफांचे हस्तक गावोगाव फिरत. लोकांजवळची जुनी नाणी घेत आणि तराजूत टाकत. जे पारडे खाली जाई, ते जड नाणे बाजूला काढून थैलीत टाकत. त्याच्या बदल्यात नवी, चकचकीत, मोजायला जास्त नाणी देत. शेतकरी खूश! एकाच्या जागी दोन मिळाली की! जड नाणी टांकसाळीत जात, वितळत आणि तांबे मिसळून तिप्पट-चौपट होऊन बाहेर पडत. पुढेपुढे तर चांदी नावालाच राहिली. तांब्याच्या पत्र्यावर पांढरा मुलामा, एवढेच नाणे. घराघरांतली तांब्याची भांडी टांकसाळींच्या वाटेला लागली. शेजारचे राज्य आपल्याकडे रद्दी नाणी लोटते, म्हणून आपणही त्याच्याकडे लोटायची. प्रत्येक जण चोर आणि प्रत्येकाच्या घरी चोरी!

सॅक्सनीचा त्या वेळचा इलेक्टर योहान गेओर्ग पहिला हाही या प्रवाहात उतरला. राज्यातल्या निरनिराळ्या शहरांत हलक्या नाण्यांच्या टांकसाळी सुरू झाल्या. त्यात एक गोष्ट मनाला फार चटका लावते. १४९८च्या सुमारास आनाबेर्गच्या चांगल्या दिवसांत तिथून ढाल धरलेल्या देवदूताच्या चित्राचे एक चोख नाणे निघत असे. अशी सात नाणी म्हणजे सोन्याचा एक गुल्डन, इतका त्याचा लौकिक. १६२१ साली सॅक्सनीने जी हिणकस नाणी काढली, त्यांवरही देवदूतच बसवला. देवदूत तोच, हातातली ढाल तीच. पोटात मात्र तांबे. शंभर वर्षांपूर्वी आज्या-पणज्यांनी ज्या चित्रावर विश्वास ठेवला, तेच चित्र नातवांना फसवायला कामी आले.

याचा परिणाम आकड्यांत सांगतो. दक्षिण जर्मनीत टालरचा भाव क्रॉयट्सर नावाच्या लहान नाण्यांत सांगत. १५६६ साली एका टालरला ६८ क्रॉयट्सर मिळत. १६१८च्या सुमारास ९०च्या आसपास. आणि १६२२ साली काही ठिकाणी ६००च्याही वर! टालर मोठा झाला नव्हता. तो होता तेवढाच होता. खुर्दा मेला होता.

यात भरडले कोण गेले? ज्याने कर्ज काढले होते, त्याची चंगळ झाली. चोख नाण्यांत घेतलेले कर्ज त्याने रद्दी नाण्यांत फेडले. ज्याने आयुष्यभर पै-पै साठवून कोणाला उसने दिले होते, तो बुडाला. शेतकऱ्याने वर्षाचे धान्य विकले आणि घरी थैलीभर नाणी आणली. पुन्हा बी घ्यायला गेला, तर दुकानदार ती नाणी हातात घेईना. काही ठिकाणी तर सरकारी कर जुन्या चोख नाण्यांतच भरावा, अशी सक्ती होती. म्हणजे सरकारने स्वतःच पाडलेले नाणे सरकारच घेईना. याहून मोठी नामुष्की कोणती?

आणि भरडली गेली ती ठरावीक पगाराची माणसे. मजूर, नोकर, खेड्यातले पाद्री आणि शाळामास्तर. मास्तरचा पगार वर्षाला इतके गुल्डन असा कागदावर बांधलेला. कागदावरचा आकडा तोच राहिला. पहिल्या तारखेची रक्कम मोजून घेताना तीही पूर्ण भरली. फक्त त्या रकमेत आता घर चालेना. श्रोत्यांतल्या शिक्षक बंधुभगिनींना मी याहून जास्त सांगायला नको. आडाम रीसच्याच परंपरेतले हे मास्तर. पोरांना व्यस्त त्रैराशिक शिकवणारे. आपल्याच पगारावर ते त्रैराशिक मांडायची वेळ त्यांच्यावर आली.

लोक चिडले. १६२२ साली माग्डेबुर्ग शहरात दंगा झाला, माणसे मेली. चित्रांची पत्रके निघाली. त्यांत तराजू धरलेला सराफ आणि त्याच्या खांद्याशी सैतान. हाले शहरातल्या आंद्रेआस लांपे नावाच्या पाद्र्याने १६२१ साली या नाणेबदल्यांविरुद्ध पुस्तकच छापले आणि त्यांना सैतानाची शेवटची अवलाद ठरवले. राग योग्य होता. पण तो कोणावर निघाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो निघाला गल्लीतल्या सराफावर, फिरत्या हस्तकावर आणि विशेषतः यहुदी लोकांवर, मग त्यांचा संबंध असो वा नसो. नाणेबदल्यांत ख्रिस्ती मंडळीच बहुसंख्य होती. आणि टांकसाळ ज्याची, मक्त्याचे पैसे ज्याच्या खजिन्यात जात, तो राजा वाड्यात सुरक्षित होता. चोरीचा माल विकणाऱ्याला बदडायचे आणि तिजोरीच्या मालकाला मुजरा करायचा, ही रीत केवळ जर्मनीतलीच आहे असे मी म्हणणार नाही.

हे सारे थांबले कसे? राजांना पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. शेजारी लोटलेली रद्दी फिरून करांच्या रूपाने त्यांच्याच खजिन्यात परत येऊ लागली. त्या नाण्यांवर शिपाई लढेना आणि व्यापारी दारूगोळा देईना. तेव्हा १६२३ साली बहुतेक संस्थानांनी हलकी नाणी बंद केली. सॅक्सनीतही चोवीस ग्रोशनांचा टालर परत आला. दक्षिणेत टालरचा भाव ९० क्रॉयट्सर ठरला. बाजार सावरला. पण ज्यांच्या मडक्यात देवदूताची नाणी साठलेली होती, त्यांचे काय? एका सकाळी त्यांची किंमत दर्शनी किमतीच्या लहानशा अंशावर आली. ज्याला बातमी आधी कळली, त्याने ती आदल्या दिवशी कोणाच्या तरी गळ्यात घातली. ज्याला शेवटी कळली, त्याच्या घरी ती राहिली. आणि शेवटी कोणाला कळते? खेड्यातल्या माणसाला.

इथे मला माझ्या आजीचा डबा आठवतो. आजी गेल्यावर तिच्या फडताळात एक पितळी डबा सापडला. त्यात वीस आणि पंचवीस पैशांची नाणी गच्च भरलेली. देवळात जाताना, पोराबाळांच्या हातावर ठेवताना उपयोगी पडतील म्हणून तिने वर्षानुवर्षे साठवलेली. आपल्या सरकारने पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून काढली. ते अचानक केले नव्हते. आधी जाहीर सूचना होती, बँकांतून बदलून घेण्याची सोय होती. फसवणूक कोणी केली नाही आणि रक्कमही फार नव्हती. पण ती सूचना आजीच्या फडताळापर्यंत पोचली नाही, एवढे खरे. डबा माझ्या हातात आला तेव्हा मुदत टळून गेली होती. तो उचलताना जड लागला. आणि त्या क्षणी मला सॅक्सनीच्या कुठल्यातरी खेड्यातल्या त्या मडक्याचे वजन कळले. तिथे तर सूचनाही नव्हती आणि बदलून देणारी बँकही नव्हती.

गोष्ट इथे संपत नाही. युद्ध आले की हीण आले, हा क्रम जर्मनीत पुढेही चालला. सात वर्षांच्या युद्धात १७५६ साली प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने सॅक्सनी व्यापली. लायपझिगची टांकसाळ त्याच्या हाती पडली आणि सॅक्सनीच्याच ठशांनी त्याने हलकी नाणी पाडून घेतली. नाव एकाचे आणि लबाडी दुसऱ्याची! १८४१ साली सॅक्सनीने बारा फेनिगांचा ग्रोशन सोडून दहा फेनिगांचा नवा ग्रोशन आणला. आपण १ एप्रिल १९५७ रोजी आणे सोडून दशमान पद्धतीचे नवे पैसे आणले, तसाच तो बदल. पुढे जर्मनी एक झाला, मार्क आला, आणि २००२ साली युरोची नाणी आली. पण दहा फेनिगांच्या नाण्याला लोक तोवर ग्रोशनच म्हणत राहिले. आपण नाही का, आणे जाऊन इतकी वर्षे झाली तरी ‘चाराणे’, ‘आठाणे’ म्हणत? खुर्द्याचे नाव खुर्द्यापेक्षा चिवट असते.

जर्मन भाषेत एक म्हण आहे. तिचा आशय असा, की जो फेनिगाचा मान राखत नाही, तो टालरला लायक नाही. मुलांना काटकसर शिकवण्यासाठी ती सांगतात. मला मात्र वाटते, ती मुलांच्या आधी राजांना सांगायला हवी होती.

शिक्षक बंधूंनो, तुमच्यासाठी एक लहानसे काम सुचवतो. वर्गात मुलांना एक उदाहरण घाला. ज्वारीचा भाव दीडपट झाला. पाच रुपयांची भाकरी पाच रुपयांनाच द्यायची. तर तिचे वजन किती करावे? मुले उत्तर काढतील. मग दुसरा प्रश्न विचारा. भाकरी तेवढीच, भावही तोच, पण पाच रुपयांच्या नाण्यातलाच विश्वास निम्मा झाला, तर? या प्रश्नाला तक्ता नाही. त्यावर मुलांना बोलू द्या. गणिताचा तास कधी इतिहासाचा आणि नागरिकशास्त्राचा होऊन जाईल, ते कळायचेही नाही.

आणि शेतकरी मित्रहो, तुमच्यासाठी एवढेच. आजच्या नाण्यात चांदी नाही. नोट तर कागदाची आणि फोनवरचा पैसा तर हातातही येत नाही. म्हणजे ज्याला तराजूत टाकून पाहावे, असे काही उरलेच नाही. उरला आहे तो एकटा विश्वास. तेव्हा नियम बदलला, नोट बदलली, मुदत ठरली, की ती बातमी गावातल्या शेवटच्या घरात पोचवणे हे आपल्यापैकी प्रत्येकाचे काम आहे. शेजारच्या म्हातारीला विचारा, "आजी, डब्यात काही ठेवलंय का हो?" एवढे विचारले, तरी पुष्कळ झाले.

हा फेनिग मी आता पुन्हा पुडीत बांधून ठेवतो. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी तो मुठीत घट्ट धरून पाव आणायला निघाला असेल, आणि भट्टीवाल्याने तो घेतला असेल. त्या घेण्यावर एका घरची संध्याकाळ निभावली असेल. दोन-तीन गुंजांच्या त्या पत्र्यात चांदी थोडी होती. बाकी सगळा शब्द होता. तो शब्द पाळला गेला, तोवर तो पत्रा नाणे होता.

नमस्कार.